पहिलं पुस्तक संगणकावर चढवताना

उपनगरातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली आहेत. आमच्याकडे संगणक आला तेव्हा दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवणारा मुलगा हुशार होता, पडद्यावर भराभर खिडक्या उघडत होता आणि आम्ही चौघं वहीत बटणांची नावं उतरवून घेत होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिस सुटून लोकलने आलेले सभासद टेबलाशी उभे राहिले, तेव्हा त्या वहीतली एकही ओळ कामाला आली नाही. बटणं कळली होती. आपलं रोजचं काम त्यातल्या कुठल्या बटणाखाली गेलं आहे, तेच कळलं नव्हतं.

म्हणून इथे मी बटणांपासून सुरुवात करत नाही, नोंदीपासून करते. ग्रंथालयात नव्याने लागलेल्यांसाठी हे आहे, तसंच पंचवीस वर्षं रजिस्टर सांभाळून आता पहिल्यांदा माउस हातात घेणाऱ्यांसाठीही आहे. या दुसऱ्यांना आधीच सांगते, कामातला अवघड भाग तुम्हाला येतोच आहे.

जुन्या कामाची नवी जागा

दाखल नोंदवही समोर घ्या. तिच्यात प्रत्येक प्रतीला एक ओळ असते. एकाच कादंबरीच्या पाच प्रती आल्या, तर पाच ओळी आणि पाच दाखल क्रमांक. आता तालिकापत्रांचा खण आठवा. तिथे त्या कादंबरीचं लेखकाच्या नावाखाली एकच पत्र असायचं आणि त्यावर पाचही दाखल क्रमांक लिहिलेले असायचे.

कुठल्याही ग्रंथालय प्रणालीत, म्हणजे ग्रंथालयाचं काम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हेच दोन मजले असतात. वरच्या मजल्यावर पुस्तकाची नोंद, म्हणजे जुनं तालिकापत्र: शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, पानं. खालच्या मजल्यावर त्याच्या प्रती, म्हणजे दाखल नोंदवहीतल्या ओळी: दाखल क्रमांक, किंमत, कपाट, बारकोड. हे दोन मजले डोक्यात पक्के झाले की निम्मी प्रणाली शिकून झाली. नवशिका माणूस हमखास इथेच चुकतो. पाच प्रतींसाठी तो पाच वेगळ्या नोंदी करतो. मग वाचकाने शोधलं की तेच पुस्तक पाचदा दिसतं, त्यातल्या चार ठिकाणी ‘बाहेर गेलेले’ असतं आणि वाचक पहिलंच उत्तर बघून परत जातो. नवी नोंद करण्याआधी शीर्षक शोधून बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. नोंद आधीच असेल, तर तिच्याखाली फक्त प्रत जोडायची.

मार्क २१ हा शब्द ऐकून पुष्कळजण दबकतात. तालिकापत्रावरच्या ओळींना दिलेले क्रमांक, एवढाच त्याचा अर्थ. लेखक १००, शीर्षक २४५, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ०२०, ड्यूई वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक) ०८२, पानं आणि आकार ३००. अनुवादकाचं नाव ७०० मध्ये जातं. ते कधीही सोडू नका, कारण मराठी वाचक अनुवादकाच्या नावाने पुस्तक मागतो. हे सहा आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून पडद्याशेजारी लावा. महिनाभरात पुठ्ठा काढून टाकाल.

प्रणाली कोणती?

हा निर्णय बहुधा तुमच्या हातात नसतो, म्हणून थोडक्यात सांगते. ई-ग्रंथालय ही प्रणाली केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केली आहे. सोल गांधीनगरच्या इनफ्लिबनेट या संस्थेची आहे, ती महाविद्यालयांत जास्त दिसते. कोहा १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी लिहायला घेतली गेली आणि २००० च्या जानेवारीत चालू झाली. ती मुक्त स्रोत आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि खरोखरच ती कोणालाही फुकट वापरता येते. बसवून देणारा मात्र त्याच्या कामाचे पैसे घेतो.

तुम्ही कर्मचारी म्हणून तीन प्रश्न विचारायचेच. आमच्या सगळ्या नोंदी आम्हाला हव्या तेव्हा फाइलमध्ये काढून मिळतील का? मुख्य पासवर्ड ग्रंथालयाच्या ताब्यात राहील का? आणि कोहा असेल तर, देवनागरी शब्द नीट सापडावेत म्हणून शोधयंत्रणेला आयसीयू, म्हणजे वेगवेगळ्या लिप्यांची अक्षरं ओळखणारी सोय, जोडली आहे का? तिसरा प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला, तर मराठी ग्रंथालयात त्याने हे काम याआधी केलेलं नाही, असं समजा.

मराठी टायपिंग: इथे घाई नको

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो इथे. माझ्यासमोर घडलेला प्रसंग सांगते. सत्तरीतल्या एक बाई, आमच्या जुन्या सभासद, नातवाच्या फोनवर आमची यादी उघडून टेबलाशी आल्या. त्यांना हव्या असलेल्या पुस्तकाच्या नावात ‘वाऱ्यावर’ हा शब्द होता. फोन म्हणत होता, एकही पुस्तक सापडलं नाही. पुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं, मला इथूनच त्याची पाठ दिसत होती. मी माझ्या संगणकावर शोधलं, लगेच आलं. त्यांच्या फोनवर पुन्हा शोधलं, नाही. दोन्हीकडे शब्द अगदी सारखा दिसत होता.

कारण सापडायला चार दिवस लागले. ‘वाऱ्या’तला तो अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. एक रीत म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग पाय मोडायचं चिन्ह, मग य. दुसरी म्हणजे साधा र, पाय मोडायचं चिन्ह, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग य. डोळ्यांना फरक शून्य, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. आमच्यापैकी एकजण एका रीतीने टाइप करत होता, बाकीचे दुसऱ्या. ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्या’, ‘तऱ्हा’ असे शब्द असलेली कितीतरी पुस्तकं त्यामुळे अर्ध्या वाचकांपासून लपून राहिली होती.

असाच घोटाळा ॲ चा. ‘ॲ’ हे एक अक्षर आहे; पण अ टाकून त्यावर वेगळा चंद्र दिला तरी तसंच दिसतं. ‘दुःख’मधल्या विसर्गाऐवजी कोणी अपूर्णविराम टाकतं, तेव्हाही पुस्तक हरवतं.

म्हणून पहिली नोंद करण्यापूर्वी सगळ्या कर्मचाऱ्यांनी एकत्र बसून एकच कळफलक ठरवा. माझं मत इनस्क्रिप्टच्या बाजूने आहे. तो विंडोजमध्ये आधीपासून असतो, रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत हात बसतो आणि त्यात मराठीची अक्षरं जागच्या जागी मिळतात. ल च्या कळीवर शिफ्ट धरलं की ळ, र च्या कळीवर शिफ्ट धरलं की ऱ. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवणारी साधनं घरी निरोप लिहायला ठीक आहेत, पण ती आपल्या मनाने शब्द सुचवतात. घाईत चुकीचा शब्द निवडला जातो आणि तो नोंदीत कायमचा राहतो.

जुनी यादी आधीच टाइप केलेली असेल, तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखीच वाचली जाणाऱ्या अक्षरपद्धतीत, आहे का ते पाहा. सोपी परीक्षा अशी: फाइलमधली एक ओळ उचलून स्वतःला व्हॉट्सॲपवर पाठवा. फोनवर नीट मराठी दिसलं तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसला, तर ती जुन्या फाँटमधली यादी आहे, आणि आधी रूपांतर केल्याशिवाय ती कुठेही चढवता येणार नाही. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार हटकून तपासा, चुका तिथेच होतात.

नाव एकच, एकाच प्रकारे

कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे एकच, हे आपल्याला माहीत आहे, संगणकाला नाही. कविता एका नावावर, नाटकं दुसऱ्या नावावर, आणि त्यात कोणी ‘वि.वा.’ जोडून लिहितं, कोणी मध्ये जागा सोडतं, कोणी ‘विष्णु वामन’ पूर्ण लिहितं. दरवर्षी २७ फेब्रुवारीला, त्यांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाचं प्रदर्शन मांडताना याद्या काढल्या की हा पसारा समोर येतो.

यावर उपाय म्हणजे अधिकृत नावांची यादी. मोठ्या प्रणालींत तिच्यासाठी वेगळा विभाग असतो, पण सुरुवातीला शंभर पानी वही पुरते. आडनाव आधी की नाव आधी, आद्याक्षरांमध्ये जागा किती, टोपणनाव मुख्य धरायचं की मूळ नाव, हे एकदा ठरवा, लिहून ठेवा आणि दुसऱ्या नावावरून पहिल्याकडे जाण्याचा ‘पाहा’ संदर्भ द्या. तालिकापत्रांच्या काळात आपण हेच करत होतो. ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना इथे पुढे बसवा. कोणत्या लेखकाचं खरं नाव काय, कोणतं नाव दोन वेगळ्या माणसांचं आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं आणि ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

सुरुवात कुठून करायची

दाखल क्रमांक १ पासून नको. कार्यकारिणीला तो क्रम आवडतो, कारण तो नीटनेटका दिसतो. पण जुन्या ग्रंथालयात पहिले कित्येक हजार क्रमांक म्हणजे जीर्ण, बाद झालेली किंवा वर्षानुवर्षं कोणी न मागितलेली पुस्तकं. वर्षभर नोंदी करूनही वाचकाला काही उपयोग दिसत नाही आणि कर्मचाऱ्यांचा उत्साह संपतो.

परत येणाऱ्या पुस्तकांपासून सुरुवात करा. आज जे पुस्तक सभासदाने परत आणलं, ते कपाटात जाण्याआधी संगणकावर चढेल, एवढाच नियम. रोज साठ पुस्तकं परत येत असतील, तर पंचवीस कामाच्या दिवसांत दीड हजार होतात, आणि ती दीड हजार म्हणजे खरोखर फिरणारी पुस्तकं असतात. नवीन खरेदी त्यात आपोआप येते. जुना संग्रह नंतर, कपाटाकपाटाने, उन्हाळ्यात घ्या. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत जुनी बाइंडिंग उघडझाप करू नये.

मराठी पुस्तकांच्या नोंदी आयत्या मिळतील अशी फार आशा धरू नका. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून झेड ३९.५० या सोयीने नोंदी उतरवून घेता येतात. तिचं दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय पुस्तकं घेत आलं आहे, त्यामुळे मराठी पुस्तकंही तिथे पुष्कळ आहेत. पण बहुतेक नोंदी रोमन लिपीत असतात. पानं, वर्ष, वर्गांक तिथून घ्या, शीर्षक आणि लेखक देवनागरीत स्वतः टाइप करा. इंग्रजी पुस्तकांसाठी मात्र ही सोय फार वेळ वाचवते. मराठी साहित्याचा ड्यूई वर्गांक ८९१.४६ पासून सुरू होतो, हे एकदा पाठ केलं की रोजची बरीच पुस्तकं मार्गी लागतात.

आयएसबीएन नसेल तर रकाना रिकामा ठेवा. ही पद्धत १९७० च्या सुमाराला आली आणि तेरा अंकी झाली ती २००७ पासून. त्यामुळे आपल्या अर्ध्या संग्रहावर तो क्रमांक नसणं साहजिक आहे. रिकामं दिसू नये म्हणून तिथे दाखल क्रमांक भरलेले मी पाहिले आहेत. त्याने पुढे फार नुकसान होतं.

एक्सेलचे तीन खड्डे

पुष्कळ ग्रंथालयं आधी एक्सेलमध्ये यादी करतात आणि मग ती प्रणालीत ओततात. हरकत नाही, पण टाइप करायला लागण्याआधी सगळे रकाने निवडून त्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर १२/९८ असा जुना दाखल क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाकला की एक्सेल त्याची तारीख करतं, डिसेंबर १९९८. तेरा अंकी आयएसबीएन आखडून ९.७८ आणि पुढे घातांक असा दिसतो. आणि मागाहून प्रकार बदलला तरी तारीख झालेला क्रमांक परत मिळत नाही, पुन्हा वही उघडावी लागते.

दुसरा खड्डा आकड्यांचा. कोणी मराठी आकड्यांत दाखल क्रमांक टाकला, कोणी इंग्रजी, तर ते जुळत नाहीत. शीर्षक मराठीत असू दे, पण दाखल क्रमांक, किंमत, वर्ष हे इंग्रजी आकड्यांतच भरा. मराठीचा कितीही अभिमान असला तरी हे पाळा, कारण बारकोड यंत्रही तेच आकडे वाचतं.

तिसरा: फाइल सीएसव्ही म्हणून साठवताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा. तो न निवडल्यामुळे सगळी मराठी शीर्षकं प्रश्नचिन्हं होऊन बसतात. मूळ एक्सेल फाइल कधीही पुसू नका.

बारकोड आणि देवघेव

बारकोड यंत्राला संगणक कळफलकच समजतो. त्यामुळे मराठी कळफलक चालू असताना बारकोड वाचला, तर त्यातली इंग्रजी अक्षरं देवनागरी होऊन उमटतात आणि ‘असा सभासद नाही’ असं उत्तर येतं. यंत्र बिघडलं म्हणून पुरवठादाराला फोन करण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यात भाषा कोणती आहे ते बघा. बारकोडची चिकटपट्टी पुस्तकाच्या आत लावा, आणि तारखेच्या पट्टीवर लावू नका, ती पट्टी बदलावी लागते.

देवघेव संगणकावर नेताना पंधरा दिवस कागद आणि संगणक दोन्ही चालवा. त्याहून जास्त नको; दोन्हीकडे लिहायचा कंटाळा येतो आणि दोन्ही नोंदी अर्धवट राहतात. सरावासाठी गर्दीची वेळ टाळा. दुपारी आपल्याच सहकाऱ्याला सभासद करून पुस्तक द्या, परत घ्या, नूतनीकरण करा, मुद्दाम उशीर झाल्याचं दाखवून दंड लावा आणि माफ करा. वीज गेली तर काय, हेही ठरलेलं असू दे: एक जाड वही, त्यात सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, वेळ, आणि वीज आल्यावर त्याच दिवशी त्या नोंदी चढवायच्या.

कागदी दाखल नोंदवही मात्र बंद करू नका. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली अनुदान घेणारी ग्रंथालयं अजूनही या नोंदवहीच्या आधाराने तपासली जातात. संगणक ती वही शोधायला सोपी करतो, तिची जागा घेत नाही.

सभासदांची माहिती आणि पैसे

प्रत्येक कर्मचाऱ्याचा स्वतःचा लॉगिन हवा. टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला एकच पासवर्ड सगळे वापरत असतील, तर चूक कोणाची हे कधीच कळत नाही आणि संशय सगळ्यांवर येतो.

कोणी कोणतं पुस्तक नेलं ही त्या सभासदाची खासगी गोष्ट आहे. बायको काय वाचते, मुलगी काय वाचते, असं विचारणारे येतात, सांगायचं नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर सभासदांचे फोन, पत्ते, ओळखपत्रांच्या प्रती जपणं हा नुसता शिष्टाचार राहिलेला नाही. आधारच्या छायाप्रती फोनवर मागवू नका, आणि मागवल्याच तर काम झाल्यावर पुसा.

वर्गणी क्यूआर कोडने घेता, तर सभासदाच्या फोनवरचं हिरवं चिन्ह बघून पावती फाडू नका. पैसे ग्रंथालयाच्या खात्यात आल्याचा संदेश बघा. रोज सकाळी एकदा आपला कोड स्वतः स्कॅन करून ग्रंथालयाचंच नाव येतं का ते तपासा, वरून दुसरा कोड चिकटवून जाणारे असतात. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, समोरचा सरकारी कार्यालयातून बोलतोय असं म्हणाला तरी. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. लाज वाटून दोन दिवस गप्प राहिलं, तर पैसे मिळायची शक्यता फार कमी होते.

व्हॉट्सॲपवर काय पाठवायचं

नवीन पुस्तकांची मुखपृष्ठं आणि दोन ओळी, एवढं पुष्कळ झालं. सभासदांचा एक मोठा ग्रुप करू नका, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट यादी करा, आणि सभासदांना ग्रंथालयाचा नंबर साठवून ठेवायला सांगा, नाहीतर संदेश पोचत नाही.

पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात, त्या ग्रंथालयाच्या नंबरवरून कधीही पुढे पाठवायच्या नाहीत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. वाचकाने मागितलं तर हक्काच्या जागा दाखवा: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मोफत पुस्तकं आहेत, मराठी विश्वकोश आहे, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला येणाऱ्या मुलांना ही तिन्ही दाखवायला पाच मिनिटं लागतात, आणि ती मुलं ते पुढे दहाजणांना सांगतात.

बॅकअप

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावर काय काय भिजलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना बॅकअपचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. एक प्रत ऑनलाइन, एक हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क ग्रंथालयाबाहेर, वरच्या मजल्यावर कोणाकडे तरी. तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून दहा नोंदी उघडून बघा. न उघडलेला बॅकअप आहे की नाही, हे गरज पडते त्या दिवशीच कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

वाचकाच्या शेजारी बसून

नोंदी दोन-तीन हजारांवर गेल्या की हे सुरू करा. आठवड्यातून एकदा एखाद्या सभासदाला स्वतःच्या फोनवर पुस्तक शोधायला सांगा आणि तुम्ही शेजारी बसा. मदत करू नका, बघा. लोक शीर्षकाचा मधलाच शब्द टाकतात, लेखकाचं नुसतं आडनाव टाकतात, ऱ्हस्वदीर्घ चुकवतात, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. जो शब्द टाकूनही पुस्तक सापडलं नाही, तो शब्द वहीत जसाच्या तसा लिहून घ्या, चूक असेल तर चुकीसकट.

शनिवारी ती वही घेऊन बसायचं. पुस्तक आपल्याकडे असूनही सापडलं नसेल, तर त्याच्या नोंदीत दुसरं शीर्षक म्हणून २४६ मध्ये तो शब्द घाला. लोकांच्या तोंडी असलेलं नाव, जोडून किंवा तोडून लिहिलेलं नाव, जुन्या लेखनपद्धतीतलं नाव, सगळं तिथे चालतं. पुस्तक आपल्याकडे नसेल, तर तो शब्द खरेदीच्या यादीत जातो. वाऱ्यावरचं पुस्तक शोधणाऱ्या बाईंसाठी आम्ही पहिल्या शनिवारी अशा एकोणीस नोंदी दुरुस्त केल्या, आणि सोमवारी त्यांना फोन करून सांगितलं की आता बघा.